दट्ट्या कुणी धरायचा?

मोठ्यांच्या मनात येतं आणि लहानांच्या खोलीत भिंत उठते. संस्थेचे अध्यक्ष भाऊसाहेब मोहोळकर गवंड्याला घेऊन आठवीच्या वर्गात शिरले, तेव्हा खटावकर बाई हवेचा दाब शिकवत होत्या. भाऊसाहेबांनी खोलीच्या मधोमध चुन्याची रेघ मारायला लावली. रेघ बाकांखालून गेली, तशी मुलांनी मुकाट्यानं पाय वर घेतले.

"भिंतीपलीकडे माझं दालन, अलीकडे तुमचा वर्ग," भाऊसाहेब म्हणाले.

बाई पुढे आल्या. "अहो, अर्ध्या खोलीत साठ मुलं कशी मावतील?"

"दाटीवाटीनं बसतील. चार दिवस कुरकुर करतील, मग होईल सवय."

बाईंनी आवाज चढवला नाही. टेबलावरची बिनसुईची मोठी सिरिंज हवा भरून त्यांच्या हाती दिली. "तोंड अंगठ्यानं बंद करा आणि दट्ट्या निम्म्यापर्यंत दाबा."

भाऊसाहेबांनी जोर लावून दाबला. "बघा, मावली की हवा निम्म्या जागेत!"

"मावली खरी. आता तिला सवय होईपर्यंत तसंच धरून ठेवा."

भाऊसाहेबांचं हसू मावळलं, मनगट थरथरू लागलं, कपाळावर घाम आला. अखेर हात सैलावला, तसा दट्ट्या सर्रकन मागे आला, पहिल्या जागी.

"हवेला सवय होत नाही, भाऊसाहेब," बाई हळूच म्हणाल्या. "दाबणाराच थकतो."

भाऊसाहेबांनी पाय वर घेऊन बसलेल्या मुलांकडे पाहिलं. मग गवंड्याला काही न सांगता, स्वतःच्या पायानं त्यांनी ती रेघ पुसायला घेतली.