तोंडापुढचा माइक

तोफखान्यातले निवृत्त सुभेदार खराडे आमच्या गावात संस्था चालवतात. तोफांनी कान गेलेल्या माजी सैनिकांना ते ओठ वाचायला शिकवतात. वर्गासाठी नगरपालिकेची रिकामी खोली हवी होती, म्हणून त्यांनी नगराध्यक्षांना समारंभाला बोलावलं.

मंचावर नगराध्यक्ष आपल्या सचिवांच्या कानाशी कुजबुजले, "खोली मेव्हण्याला द्यायचीय. या बहिऱ्यांना भाषण पुरे."

मग तोंडाला माइक लावून ते सैनिकांच्या त्यागावर अर्धा तास बोलले. समोर बसलेल्या सैनिकांतून टाळी एकही पडली नाही.

माइक खाली ठेवून त्यांनी विचारलं, "काय सुभेदार, आवडलं नाही?"

"साहेब, माइक आड आला, भाषण दिसलंच नाही. त्याआधी सचिवांना सांगितलंत, ते मात्र सगळ्यांनी वाचलं. तेवढं आता माइकवर सांगा, म्हणजे ऐकू येणाऱ्यांचीही सोय होईल."

खोलीची किल्ली सुभेदारांना मंचावरच मिळाली.