खड्याशेजारची आच

एका बाजारपेठेच्या गावी त्रिंबकशेठ नावाचे सोनार होते. हात कसबी, जीभ तिखट. त्यांच्या स्वादुपिंडात कर्करोगाची गाठ निघाली. शहरातल्या दवाखान्यात तिला रोज किरणांचा शेक द्यायचं ठरलं. अट एकच होती. येण्याआधी तीन तास पोटात काही जाता कामा नये.

मशीन चालवणाऱ्या रेहानाला शेठनी पहिल्याच दिवशी आपली कारागिरी ऐकवली. "दागिन्याचा सांधा आचेवर जोडताना शेजारचा खडा तापू नये म्हणून मी त्याला ओली माती लावतो. आजवर एक खडा तडकलेला नाही!"

शेठ धाकट्या बहिणीकडे, इंदूकडे उतरले होते. भाऊ रोज उपाशी बाहेर पडतो, हे तिने चार दिवस कसंबसं सोसलं. पाचव्या दिवशी तिने लोणी घातलेलं थालीपीठ पुढ्यात सरकवलं. "माझ्या घरातून उपाशी कुणी गेलेलं नाही, दादा." तिचे डोळे भरून आले होते. शेठ एक सोडून दोन खाऊन निघाले.

"काका, पोट रिकामं आहे ना?" रेहानाने विचारलं.

"अगदी कडकडीत!" खरं सांगितलं तर आजचा शेक हुकेल आणि गाठ वाढेल, अशी शेठना भीती होती.

रेहानाने नेहमीप्रमाणे आधी आतलं चित्र पाहिलं आणि मशीन सुरूच केलं नाही. "जठर भरून गाठीजवळ आलंय, काका. तेही भाजेल."

"भाजू दे! तुम्ही गाठ जाळा!"

"आणि खड्याला ओली माती कोण लावतं, काका?"

शेठची मान खाली गेली. त्यांनी थालीपिठांचं सगळं सांगून टाकलं.

तिने त्यांना सगळ्यांत शेवटी घेतलं. तीन तासांनी पुन्हा चित्र पाहिलं. जठर जागेवर गेलं होतं, मगच शेक दिला. तिची कामाची वेळ केव्हाच संपली होती आणि जेवणाचा डबा तसाच बंद होता. शेठनी तो पाहिला.

शेवटच्या शेकाला शेठ इंदूला घेऊन आले. तिच्या हातात थालीपिठांचा डबा होता. "माझ्या दादाच्या पोटासाठी तू उपाशी राहिलीस, पोरी. आता माझ्यासमोर खा."

शेठनी रेहानाला हात जोडले. "गाठीचं काय व्हायचं ते होईल. पण मी आज सुखाने घास गिळतो, तो तुमच्यामुळे."

तात्पर्य: वाईट जाळताना शेजारचं चांगलं जो जपतो, तोच खरा कसबी. अशा माणसाने आपल्याला अडवलं, तर रागावू नये, त्याचे उपकार मानावेत.