पानाच्या डब्यातली पावती

आता गप्प पडा पाहू. शमे, तुझी गोधडी तुला पुरते, भावाची ओढू नकोस. हं. तर एक होती सासू आणि एक होती सून. आज राजा नाही, राणी नाही. राजाला कुठे बाजारातलं सामान परत करायला जावं लागतं?

सासूचं नाव सगुणाबाई आणि सुनेचं मथू. मथूची आई ती लहान असतानाच गेली होती. नवरा बैलगाडी घेऊन लांबलांब माल पोचवायला जायचा. म्हणजे घरात या दोघीच. पहाटे उठायच्या आणि जात्यापाशी समोरासमोर बसायच्या. खुंटा एकच, त्यावर हात दोघींचे. आणि दळता दळता काय करायच्या, तर एकमेकींना चिडवायच्या, तेही गाऊन. सासू सुरू करायची,

सून माझी झोपाळू गं, उठे उन्हं येता अंगी

मग सून पुरं करायची,

सासू माझी कडक गं, जशी मिरची लवंगी

झोपाळू कुठली, बिचारी पहाटेची उठलेली असायची. पण चिडवताना खरं कोण बोलतं? अर्धी ओवी सासूची, अर्धी सुनेची. मग दोघी हसायच्या आणि पीठ सांडायचं.

पुढे काय झालं, सगुणाबाईंचे हात दुखायला लागले. त्या बोलायच्या नाहीत, पण दळण झालं की मनगट चोळत बसायच्या. मथूला ते बघवेना. मग ती गेली बाजाराला. बांगडीवाल्यांच्या पुढे, चिंचेच्या झाडाखाली, तिला एक दुकान दिसलं. याआधी ते तिथे कधी नव्हतं, बरं का. दुकानात झुंबरशेठ बसलेले. बुटके, आणि मिशा एवढ्या लांब की कानामागे अडकवून ठेवलेल्या. मागच्या फळीवर गाडगीच गाडगी, सगळ्यांच्या तोंडाला फडकं बांधलेलं. आणि पुढ्यात एक जातं, आपलं आपण फिरत होतं. दाणे आपणच ओढून घ्यायचं, पीठ आपणच टोपलीत भरायचं. आणि वजनाला एवढं हलकं की सुपासारखं काखेत मारावं.

झुंबरशेठ म्हणाले, पैसे नकोत. तुझ्याकडचं गाणं दे. मथूला वाटलं, एवढंच ना. गाण्याला काय तोटा? त्यांनी गाडगं तोंडासमोर धरलं, तिने आपली अर्धी ओवी त्यात म्हटली, त्यांनी वरून फडकं बांधून टाकलं. मग विड्याचं एक पान घेतलं, त्यावर नखाने खुणा केल्या आणि म्हणाले, ही पावती. माल नको झाला तर पान दाखव, परत घेईन. पान नाही तर परत नाही.

आता पान कुठे ठेवावं? वाळू नये म्हणून मथूने ते ठेवलं सासूच्या पानाच्या डब्यात, ओल्या फडक्याखाली. हसू नकोस रे, तू असतास तर तूही तिथेच ठेवलं असतंस. दुपारी सगुणाबाई जेवल्या, डबा उघडला, पानाला चुना लावला, कात घातला, सुपारी घातली आणि पावती खाऊन टाकली. वर म्हणाल्या, आजचं पान जरा कडसर लागलं. मथू बघतच राहिली. सासूला काय म्हणणार, आमची पावती चावू नका?

दुसऱ्या दिवशी पहाटे जातं आपलं आपण फिरू लागलं. सगुणाबाई सवयीने शेजारी येऊन बसल्या. हाताला काम नव्हतं. मग त्यांनी ओवी सुरू केली, सून माझी झोपाळू गं. आणि थांबल्या. मथूने तोंड उघडलं, पण बाहेर काहीच येईना. शब्द आठवेना, चाल आठवेना. आणि गाणं विकलं हे सांगायची तिला लाज वाटली. ती खाली मान घालून बसली. सगुणाबाईंनी थोडी वाट पाहिली. मग उठून गेल्या.

असं रोज व्हायला लागलं. त्यांना वाटलं, सुनेला आपल्याशी बोलायचंच नाही. काम जात्याने घेतलं, बोलणं सुनेने बंद केलं, मग आपण इथे कशाला? त्यांनी गाठोडं बांधायला काढलं. म्हणाल्या, मी आपली लेकीकडे जाते. मथूला वाटलं, एक आई गेली होती, आता ही दुसरी निघाली.

मग मथूने जातं काखेत मारलं आणि धावत दुकान गाठलं. झुंबरशेठ म्हणाले, पावती? ती म्हणाली, खाल्ली. ते म्हणाले, मग नाही. उद्या कोणीही येईल आणि दुसऱ्याचंच गाणं उचलून नेईल. बोलणं काही खोटं नव्हतं. मथू परत निघाली, तर जातं जड झालेलं. डोक्यावर घ्यावं लागलं.

मग तिने काय केलं, परसातल्या पानवेलीचं एक पान तोडलं, नखाने तशाच खुणा केल्या आणि पुन्हा गेली. झुंबरशेठनी पान नाकाशी धरलं. म्हणाले, हे माझं नाही, आणि तुला हे शोभतही नाही. मथू लाजेने लाल झाली. परत येताना जातं एवढं जड झालं की वाटेत दहादा टेकवत टेकवत आणलं. चिटिंग केली की असंच होतं, कळलं का शमे?

तिसऱ्या खेपेला जातं तिला एकटीला उचलेचना. इकडे सगुणाबाई गाठोडं काखेत घेऊन दारात उभ्या. त्यांनी बघितलं, पोर घामाघूम झाली आहे. रागावल्या होत्या, पण राग बाजूला ठेवला. लेकीकडची वाट बाजारावरूनच जात होती. एका बाजूने सुनेने धरलं, दुसऱ्या बाजूने सासूने. असं जातं मधे आणि दोघी समोरासमोर, एक सरळ चालते, एक उलट्या पावलांनी चालते.

दुकानात पोचल्या. झुंबरशेठ म्हणाले, पावती? मग मात्र मथू रडायलाच लागली आणि सगळं सांगून टाकलं. हात दुखायचे म्हणून जातं घेतलं, गाणं देऊन टाकलं, पावती आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, खाल्ली.

सगुणाबाई ऐकत होत्या. म्हणाल्या, "म्हणून गप्प होतीस होय? अगं वेडे, मला वाटलं तुला मी नकोशी झाले."

मग त्या झुंबरशेठकडे वळल्या. म्हणाल्या, "पावती माझ्या पोटात आहे. पण हिने तिची अर्धीच ओवी विकली. माझी अर्धी माझ्याकडे आहे." आणि तिथेच, भर बाजारात, त्यांनी गायला सुरुवात केली. सून माझी झोपाळू गं, उठे उन्हं येता अंगी.

आणि मागच्या फळीवरचं एक गाडगं हललं. फडक्याच्या आतून आवाज आला, सासू माझी कडक गं, जशी मिरची लवंगी.

झुंबरशेठनी कानामागच्या मिशा सोडल्या आणि पोट धरून हसले. म्हणाले, अशी पावती मलाही लिहिता येत नाही. त्यांनी फडकं सोडलं, मथूचं गाणं मथूला दिलं, जातं ठेवून घेतलं.

सगुणाबाई काही लेकीकडे गेल्या नाहीत. घरी येऊन मथूने त्यांचं गाठोडं सोडलं. आत दोन लुगडी होती, आणि त्यांच्यात गुंडाळलेला जुन्या जात्याचा लाकडी खुंटा. मथूने विचारलं, आत्याबाई, लेकीकडे जातं आहे की, हा कशाला नेत होता?

त्या म्हणाल्या, "तुझी आठवण आली तर हात कशावर ठेवणार होते मी?"

मथूने खुंटा जुन्या जात्यात ठोकून बसवला. तेव्हापासून ओढायची ती मथू, सासूबाई नुसता हात ठेवायच्या आणि चिडवायच्या. हात दुखला नाही, दोघी सुखाने राहिल्या, पीठ मात्र अजून सांडतं.

चला, गोष्ट दळून झाली, जातं पुसून ठेवलं. शमे, झोपलीस? झोपली. आता तूही डोळे मीट, आणि माझा हात राहू दे तुझ्या हातात.