केरातून उचललेली राजकन्या

हसून झालं का? आजीचं नाव केराबाई, म्हणून दात काढताय दोघं. सुमे, पाय आत घे. दिगू, तू भिंतीकडे सरक. आता या नावाचीच गोष्ट सांगते, मग बघू कोण हसतंय.

एक होता राजा, उजळराय त्याचं नाव, आणि त्याला केराची भारी चीड. आधी नव्हती बरं का. त्याची राणी सगुणा, शेतकऱ्याची लेक, मोठी गोड बाई. तिला पहिलं बाळ झालं, ते चार दिवस राहिलं आणि देवाघरी गेलं. मग दुसरं झालं, तेही गेलं. राजा वेडापिसा झाला. त्याला वाटलं, घरातल्या जुन्यापान्यात काहीतरी वाईट लपलंय, तेच माझी बाळं नेतंय. दुःखात माणसाला काहीही वाटतं रे.

मग त्यानं दवंडी पिटवली. गावात केर दिसता कामा नये. उकिरडे बंद. भाजीची देठं, चुलीतली राख, फुटकी भांडी, फाटकी लुगडी, सगळं गाड्यांत भरा आणि वेशीबाहेर टाका. पहिली गाडी राजवाड्यातूनच निघाली. तिच्यात बाळांचा पाळणा होता. राणी दारात उभी राहून गाडी दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली.

मग रोज गाड्या जायला लागल्या. वेशीबाहेर आधी ढीग झाला, मग टेकडी झाली, मग चांगला डोंगर झाला. आणि गाव असं लख्ख, की जमिनीवर बोट फिरवलं तर बोटच स्वच्छ व्हावं. पण परसातल्या मातीनं खायचं काय? देठं नाहीत, राख नाही, शेण नाही. माती उपाशी राहिली आणि रुसून बसली. वेल धरेना, फूल येईना.

अशात राणीला पुन्हा दिवस गेले. राजाला आनंद झाला आणि धास्तीही वाटली. कारण राणीला अन्नच जाईना. ताट समोर आलं की ती तोंड फिरवायची. वैद्यबुवा म्हणाले, "महाराज, राणीसाहेब जेवल्या नाहीत तर हेही बाळ राहायचं नाही."

राजा तिच्याजवळ बसला. म्हणाला, "सगुणा, तुला काय खावंसं वाटतंय? चंद्र माग, आणतो."

"चंद्र नको. लाल भोपळ्याचे घारगे हवेत."

"एवढंच?"

एवढंच म्हणे. डोहाळे कधी एवढेच असतात का? विचारा तुमच्या आईला. दिगूच्या वेळी तिनं चुलीची माती मागितली होती. गॅसवर कुठून आणू माती?

बरं, गावात तर एक भोपळा नाही. मग राजानं पूर्वेकडून भोपळा आणवला, हत्तीवरून. राणीनं वास घेतला नि बाजूला सारला. मग दक्षिणेकडून आणवला, पालखीतून. भोपळा पालखीत बसून आला बरं का, आणि भोई बिचारे घामाघूम. तोही तिनं सारला. तिसरा सोन्याच्या ताटात आला, त्याच्याकडे तर तिनं बघितलंही नाही. म्हणाली, "माझ्या माहेरी परसातल्या उकिरड्यावर आपोआप उगवायचा, तो भोपळा हवा."

उकिरडे कुणी बंद केले होते, सांग बरं सुमे? राजानंच की.

मग राजा एकटाच वेशीबाहेर गेला, नाकाला शेला लावून. तिथं केराच्या डोंगराशी एक म्हातारी बसली होती. हातात सूप. आणि ती धान्य नाही, केर पाखडत होती. तोंडानं म्हणत होती,

"चिंधी चिंध्यांपाशी, साल मातीपाशी,
ज्याचं जे असेल ते त्याच्यापाशी."

असं म्हणून सूप हलवलं की चिंध्या एकीकडे उडायच्या, भांडी दुसरीकडे, आणि सालं तिसरीकडे. सालांच्या ढिगाची काळीभोर माती झाली होती. तिच्यावर वेल, आणि वेलाला एकच भोपळा, हा एवढा.

"आजी, तेवढा भोपळा द्या," राजा म्हणाला. "मागाल ते देतो."

"मागू कशाला? सगळं तूच पाठवतोस की रोज," म्हातारी म्हणाली. "बस जरा. हे सूप धर."

राजानं एकदा पाखडलं, सगळा केर त्याच्या डोक्यावर. दुसऱ्यांदा पाखडलं, नाकातोंडात राख. "तो मुकुट काढ बाबा, मान हलेना तुझी," म्हातारी म्हणाली. मग त्यानं मुकुट काढला, शेला सोडला आणि तिसऱ्यांदा पाखडलं. तर डोंगरावरून घरंगळत पायाशी काय आलं? पाळणा. तोच. एक कडी तुटलेली. राजानं त्याला हात लावला आणि लहान पोरासारखा रडला. म्हातारीनं त्याला पोटभर रडू दिलं.

मग ती म्हणाली, "बाळं केरानं नाही नेली रे. आजारानं गेली. तू मात्र त्यांची आठवणसुद्धा गाडीत घातलीस." तिनं भोपळा तोडून त्याच्या हातात दिला. "आता माझं एक ऐक. मूल झालं की सुपात घालून इथं आण. केरावर ठेव. मी उचलीन आणि तुला देईन. टाकलेल्या पोराकडे यमसुद्धा वळून बघत नाही."

राजा भोपळा छातीशी धरून घरी पळाला. राणीनं सात घारगे खाल्ले. मग दिवस भरले आणि मुलगी झाली. राजानं तिला सुपात घेतलं, अख्ख्या गावादेखत वेशीबाहेर नेलं आणि केरावर ठेवलं. म्हातारीनं पोर उचलली, मुका घेतला, म्हणाली, "केरातून सापडली, हिचं नाव केराबाई. घेतोस का रे पदरात?" राजा म्हणाला, "घेतो, आजी."

आणि ती पोर जगली. कडी बसवलेल्या त्याच पाळण्यात झोपली. गाड्या उलट्या फिरल्या. सालं परसात गेली, भांडी कासाराकडे गेली, चिंध्यांची पांघरुणं झाली. डोंगर सरला, माती हसली, घरोघरी भोपळे लागले आणि सगळी सुखानं नांदली.

म्हातारी नंतर कुणाला दिसली नाही. पण तिची रीत राहिली. माझ्या आधी माझ्या आईची दोन बाळं गेली होती. मी तिसरी. माझ्या आजीनं मला सुपात घातलं, परसातल्या उकिरड्यावर ठेवलं आणि शेजारच्या काकूनं उचलून आईच्या ओटीत दिलं. तेव्हा मी जगले. म्हणून तुमचा बाप झाला, म्हणून तुम्ही दोघं माझ्या कुशीत आहात.

आता हसा माझ्या नावाला. काय ग सुमे, डोळे का पुसतेस? आहे ना मी इथंच. उद्या घारगे करीन. भोपळ्याची सालं तू परसात नेऊन टाक. दिगू तर केव्हाच झोपला, तूही मीट डोळे.