रित्या हातांच्या शनवारची कहाणी

ऐक विसावामाते, तुझी कहाणी. नगर होतं आटपाट. नगरात कोष्ट्यांची आळी, आळीत म्हाळसाबाईचं घर. घरात माग दोन, सून एक. सुनेचं नाव आवडा. पहाटे उठे, पाणी भरी, भाकरी थापी, मग दिवस मावळेतो रहाटावर सुताच्या कांड्या भरी.

एकदा नदीवर तिला एक म्हातारी भेटली. म्हणाली, "बाई बाई, वसा घे. श्रावणात शनवारी, जेवणं झाल्यावर घटकाभर बसावं. हात रिते ठेवावे. वाती वळू नयेत, तांदूळ निवडू नयेत, जपही करू नये. कुणी काय करतेस पुसलं, तर काही नाही म्हणावं. खोटं बोलू नये."

"यानं काय होतं?"

"ज्याचं त्याला दिसतं."

पहिला शनवार आला. आवडा ओसरीवर बसली. सासूनं पुसलं, "काय गं, डोकं दुखतंय?"

"नाही, आत्याबाई."

"मग काय करतेस?"

"काही नाही."

सासूच्या मनात पाल चुकचुकली.

दुसरा शनवार आला. सासूनं दाराआडून पाहिलं, ओठ हलतात का. मग येऊन चटई झटकली. खाली काही नाही. शेजारीण म्हणाली, "सांभाळ हो. आमची मांजरसुद्धा उगी बसत नाही, उंदरासाठी बसते. करणी असेल."

तिसरा शनवार आला. सासूनं सुनेचं गाठोडं उंबऱ्यात ठेवलं. "आज खरं सांग, नाहीतर माहेरची वाट धर."

माहेरी सावत्र आई. डोकं दुखतं म्हटलं असतं तरी आवडा सुटली असती. पण वसा मोडला असता. म्हणाली, "खरंच काही नाही, आत्याबाई."

"बरं तर. मी समोर बसते. बघते."

मग सासू बसली. वाती घेतल्या नाहीत, सूप घेतलं नाही. न जाणो, नजर हलली नि सुनेनं डाव साधला तर. घटका भरत आली. तीस वर्षांत पहिल्यांदा हात रिते होते, तिला कळलंही नाही.

करणी शोधता शोधता तिला सुनेची बोटं दिसली. सुतानं चिरलेली.

"कधीपासून गं?"

"लग्नापासून."

सासूनं आपले हात उलटून पाहिले. तशाच रेघा, जुन्या, पांढऱ्या पडलेल्या. मग उठली, तूप आणलं, सुनेच्या बोटांना लावलं. गाठोडं आपल्या हातानं सोडलं.

पुढल्या श्रावणी दोघी बसल्या, मग शेजारीणही आली. आळीतले पुरुष अजून कुजबुजतात, या मिळून काय शिजवतात म्हणून. कुजबुजोत बापडे.

विसावामाता म्हाळसाबाईला जशी दिसती झाली, तशी तुम्हांआम्हां होवो. साठ शंकांची ही कहाणी एका रित्या घटकेत सुफळ होवो.