गुलब्यासाठी तिसरा हुकूम

त्या राज्यात बैलाला दोनच हुकूम होते, पळ आणि थांब. राज्याच्या मधोमध तेलाचा घाणा होता आणि त्याला गुलब्या नावाचा बैल जुंपलेला होता. दरबाराचा हुकूम त्याच्या कानापर्यंत पोचवण्याचं काम साळू साळुंकीकडे होतं, तिच्याआधी ते तिच्या आईकडे होतं. सकाळी 'पळ' आणि दिवेलागणीला 'थांब' एवढं सांगितलं की झालं. मधल्या वेळात ती त्याच्या वशिंडावर बसून गोचिड्या वेचत असे.

गुलब्या पळे. घाण्यात तीळ असोत वा नसोत, तो पळतच असे. घाणा रिकामा असला की लाकडावर लाकूड घासून धूर निघे. दरबारातली मंडळी तो लांबून बघत आणि काम जोरात चाललंय म्हणून खूश होत.

एका उन्हाळ्यात त्याच्या तोंडाला फेस येऊ लागला.

"साळूताई, पाय लटपटतायत गं," तो धापा टाकत म्हणाला. "घटकाभर थांबू का?"

"थांब म्हणायचा अधिकार दरबाराचा, गुलबादादा. तो मला नाही."

पण त्याच्या छातीची धडधड तिच्या पायांना जाणवत होती. तिला भडभडून आलं. बैल असा दोन दिवसही जगणार नाही, हे तिला स्वच्छ दिसत होतं. ती त्याच्या कानाशी वाकली आणि कुठल्याच हुकमात नसलेला एक शब्द बोलली. "हळू."

गुलब्याला आधी काही उमगेना. मग तो चालू लागला. धूर विरला, श्वास जागेवर आला.

गडबड निराळीच झाली. त्या राज्यात वेळ मोजायची ती गुलब्याच्या फेऱ्यांवर. शेजारच्या झाडावरून खारूबाई खार फेरे मोजी आणि शंभर भरले की टोल देई. त्या दिवशी टोल पडता पडेनात. पिल्लांना भरवायचं ते टोल ऐकूनच, म्हणून घरट्यांतल्या आया चोचीत दाणे धरून ताटकळत बसल्या आणि पिल्लांनी रडून आकाश डोक्यावर घेतलं. सूर्य मावळला तरी राज्यात दुपारच होती. दरबार खवळला आणि उद्यापासून फक्त 'पळ', असं फर्मान निघालं.

दुसऱ्या दिवशी पळता पळता गुलब्या गुडघ्यावर आला. साळू उडाली ती थेट खारूबाईपाशी.

"खारूबाई, चूक माझी. त्याला हळू म्हणाले आणि तुम्हाला सांगायचंच राहिलं."

"मग मला कसं कळणार, बाई? मी फेरे मोजते, सूर्याकडे बघायला मान वर करायची सोय नाही," खारूबाई फणकारली. मग तिची नजर खाली गेली. गुलब्या उठायची धडपड करत होता. तिचा आवाज खाली आला. "बरं, यापुढे आधी मला सांग, मग त्याला. हळूचा एक फेरा मी दोन धरीन."

साळूने फर्मान मोडलं. आधी झाडाकडे बघून ओरडली, मग कानाशी वाकली. त्या दिवशी टोल वेळेवर पडले, पिल्लं पोटभर जेवली. धूर दिसेना म्हणून दरबाराने कावळा पाठवला. त्याने तेलाचे बुधले भरलेले पाहिले, बैल उभा असलेला पाहिला, आणि तक्रार काय करावी हे न सुचून तो परत गेला. फर्मानाचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही. तिळाच्या राशी आल्या की गुलब्या पळे, राशी सरल्या की चाले.

पुढे एका दुपारी घाण्यापाशी एकच मुंगी आली. तिच्या तोंडात एकच तीळ होता. तिने तो उखळात टाकला आणि संकोचून बाजूला उभी राहिली.

साळूने झाडाकडे हाक दिली आणि मग गुलब्याच्या कानात काहीतरी अगदी हलकेच सांगितलं. त्याने एक खूर उचलला, सावकाश टेकवला, मग दुसरा. मुंगी त्याच्या शेजारून चालू लागली, आणि पूर्ण फेऱ्यात ती एकदाही मागे पडली नाही.