अण्णांच्या गाडीतला दोष

"दोष माझा होता की गाडीचा, तेवढं सांगा वस्ताद," महांतेश म्हणाला.

दस्तगीर वस्तादांनी चहा संपवला. ग्लास विसळून त्यांनी पालथा घातला.

मिरजेत गाड्यांच्या वायरिंगची कामं करण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती. महांतेश त्यांच्याच हाताखाली शिकला, मग तपासायचं मशीन घेऊन वेगळा झाला. वस्ताद गिऱ्हाइकाशी तासभर बोलत बसायचे. गाडी कुठं लावता, मागं कोण बसतं, दार कोण लावतं... महांतेशला वाटायचं, वय झालं की माणसाला बडबड लागते, दुसरं काय!

आदगोंडा अण्णांची जुनी गाडी त्यानंच बघितली होती. दोन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरायची. मशीनवर काही दिसेना. त्यानं गाडी तीन दिवस ठेवून घेतली, तर बॅटरी ठणठणीत. मग त्यानं ठरवूनच टाकलं, म्हातारं काहीतरी चालू ठेवत असणार. नवं वायरिंग करा, नाहीतर जरा लक्ष देऊन वापरा, असं त्यानं अण्णांना सुनावलं. नवं वायरिंग अण्णांना झेपणारं नव्हतं. होतं नव्हतं ते त्यांच्या बायकोच्या, काकूंच्या डायलिसिसला लागत होतं.

गेल्या महिन्यात पहाटे काकूंना धाप लागली. गाडी चालूच झाली नाही. रिक्षा सापडेपर्यंत काकू गेल्या.

तेव्हापासून महांतेशला अन्न गोड लागत नव्हतं. आता अण्णांनी गाडी विकायला काढली होती. एकदा चालू करून द्या म्हणाले, म्हणून महांतेशनं ती दोर लावून वस्तादांच्या गॅरेजपर्यंत ओढत आणली, दोर डिकीत टाकला आणि डिकी धाडकन लावली.

वस्तादांनी गाडीत आपल्याकडची बॅटरी ठेवली. तंबाखूच्या डब्यातून दोन वायरींचा एक बल्ब काढला आणि बॅटरी आणि गाडीची वायर यांच्या मधे जोडला. गाडीतलं सगळं बंद असताना कुठं वीज गळत असेल, तर हा बल्ब पेटणार. एवढीच त्यांची तपासणी.

बल्ब पेटला नाही.

"बघा. काहीच नाही," महांतेश म्हणाला.

"थांब जरा..."

वस्तादांनी बाहेर बसलेल्या अण्णांना हाक मारली. काकूंची चाकाची खुर्ची डिकीत राहिलीय, ती काढून घ्या म्हणाले.

अण्णा आले. त्यांनी डिकी उघडली, तसा आतला दिवा लागला आणि त्याबरोबर वस्तादांचा बल्बही मंद पेटला. अण्णांनी खुर्ची खाली उतरवली. मग दोन्ही तळहात ठेवून डिकी हळूच खाली दाबली. बारीकसा टक् असा आवाज झाला.

बल्ब पेटलेलाच राहिला.

"अण्णा, डिकी अशी का लावता?" महांतेशनं विचारलं.

"मागं ती झोपलेली असायची. तिला दणका सोसायचा नाही."

एवढं बोलून अण्णा खुर्ची ढकलत बाहेरच्या चिंचेखाली गेले.

महांतेशनं डिकी जोरात दाबली. बल्ब विझला. म्हणजे डिकी अर्धवट लागायची, आतला दिवा रात्रभर जळायचा आणि बाहेरून कुणाला दिसायचा नाही. त्याच्या गॅरेजात मात्र डिकी प्रत्येक वेळी आपटूनच लागायची.

त्याच्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं. चूक त्याची नव्हतीच! अण्णाच रोज... आणि मग त्याची नजर चिंचेखालच्या रिकाम्या खुर्चीकडे गेली.

"वस्ताद, अण्णांना खरं सांगायला पाहिजे."

"डिकी कशी लावता, हे तू त्यांना कधी विचारलंस?"

महांतेशनं मान खाली घातली.

"आज विचारलं..."

चिंचेखालून अण्णा परत येत होते. महिन्याभरात माणूस निम्मा झाला होता. ते गाडीला धरून उभे राहिले.

"सापडला का हो दोष?"

वस्तादांनी बल्ब सोडवला, त्याच्या वायरी गुंडाळल्या आणि अण्णांच्या हातावर हात ठेवला.

"सापडला, अण्णा. चूक आमच्या हातची होती."